गोळ्या सुटतात तेव्हा: कमी साधनांच्या एचआयव्ही केंद्रात माणसं टिकवायची कशी

मी समुपदेशक म्हणून कामाला लागलो तेव्हा आमच्या रजिस्टरचा शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. तारखेला न आलेल्या माणसापुढे त्यात बहुतेक वेळा एकच शब्द पडायचा: 'निष्काळजी'. एका रिकाम्या दुपारी मी त्या शेऱ्यांच्या मागे फोन करत गेलो. एकाचं काम गेलं होतं, तो दुसऱ्या शहरात गेला होता आणि तिथल्या केंद्रातून गोळ्या अगदी नियमित घेत होता. एक बाई नुकतीच बाळंत झाली होती, आणि घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. एकजण पाच महिन्यांपूर्वी वारला होता. फोन त्याच्या भावाने उचलला. चौथ्याने शांतपणे सांगितलं, "तुमच्या खिडकीवर माझं नाव घेऊन औषधाचं नाव मोठ्याने विचारलं. मागे माझ्या गल्लीतला माणूस उभा होता. त्यानंतर नाही आलो."

चौघांत निष्काळजी एकही नव्हता.

सोडणं वेगळं आणि सुटणं वेगळं. ठरवून उपचार सोडणारी माणसं असतात, पण थोडी. बाकीच्यांच्या हातून ते सुटतात, आणि पुष्कळदा केंद्राच्याच एखाद्या पायरीवर सुटतात. म्हणून रुग्णाला काय समजवायचं यापेक्षा केंद्राने स्वतःचं काय बदलायचं, यावर या लेखात जास्त भर आहे. हा लेख समुपदेशक, नर्स, केंद्राबाहेर जाऊन रुग्णांना भेटणारे आउटरीच कार्यकर्ते आणि औषधाच्या खिडकीवर बसणाऱ्यांसाठी आहे. जिथे डॉक्टर एक, रांग मोठी आणि संगणक कधी चालतो कधी नाही, अशा जागांसाठी. औषधांविषयी जे लिहिलंय त्यात तुमच्या देशाची मार्गदर्शक तत्त्वं आणि तुमचे डॉक्टर यांचा शब्द शेवटचा.

खंड पडला तर नेमकं काय होतं

एवढं प्रत्येक कर्मचाऱ्याला, अगदी दारावरच्या माणसालाही, माहीत असायला हवं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, बंद झाली की दबलेला विषाणू बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत पुन्हा वाढायला लागतो. माणसाला तेव्हा काहीच जाणवत नाही, आणि म्हणूनच 'गोळ्या बंद केल्या तरी बरंच वाटतंय' असा समज होतो. सीडी४ पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, मात्र हळूहळू उतरत राहतात, आणि टीबी किंवा मेंदूज्वराने एकदम गाठलं की तो माणूस थेट वॉर्डात दिसतो. ज्याला हिपॅटायटिस बी देखील आहे, त्याचं टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन (एआरटीतली ही औषधं हिपॅटायटिस बीलाही दाबतात) अचानक थांबलं तर यकृताचा आजारही उसळू शकतो.

याची दुसरी बाजू आनंदाची आहे आणि ती आपण पुरेशी सांगत नाही. एचआयव्ही असलेल्या जोडीदाराने लवकर उपचार सुरू केले तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे एचपीटीएन ०५२ या चाचणीतून २०११ मध्ये पुढे आलं. नंतरच्या अभ्यासांनी याच्याही पुढचं दाखवलं: विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका दबलेला असेल तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे वाक्य पहिल्याच भेटीत सांगा. वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणांना ते कुणीच सांगितलेलं नसतं, आणि ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कोणत्याही भाषणाने येत नाही.

पायरी १: कोण सुटलंय, हे त्याच दिवशी कळू द्या

महिनाअखेरीला यादी काढली तर पहिल्या आठवड्यात चुकलेला माणूस तोपर्यंत तीन आठवडे गोळ्यांविना असतो. यादी रोज हवी. त्यासाठी संगणक लागत नाही. एक लांबट खोका घ्या, त्यात १ ते ३१ असे कप्पे करा आणि पुढच्या महिन्यांसाठी मागे बारा कप्पे. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड, ते त्याच्या पुढच्या तारखेच्या कप्प्यात. तो आला की कार्ड उचलायचं, नवी तारीख लिहून नव्या कप्प्यात टाकायचं. संध्याकाळी आजच्या कप्प्यात उरलेली कार्डं म्हणजे आज न आलेली माणसं. वीज गेली तरी हा खोका चालतो. फक्त रात्री तो कुलपात गेला पाहिजे, आणि कार्डावर आजाराचं नाव नको, क्रमांक पुरे.

उरलेल्या कार्डांचे ढीग मात्र विचार करून करा. ठरलेल्या तारखेनंतर २८ दिवस उलटले तरी न आलेल्याला बहुतेक कार्यक्रमांत 'उपचारात खंड' धरतात. त्यातही चार अगदी निराळे प्रकार असतात: दुसऱ्या केंद्रात गेलेले, वारलेले, उपचार थांबवलेले आणि काहीच पत्ता न लागलेले. आफ्रिकेतल्या अनेक देशांत 'गायब' नोंदवलेल्या लोकांना जेव्हा खरोखर शोधलं गेलं, तेव्हा त्यातले पुष्कळ जण न सांगता दुसरीकडे उपचार घेताना सापडले आणि बरेच वारलेलेही निघाले. चौघांना एकाच शब्दात टाकलं तर धोरणच चुकतं. पहिल्या ढिगासाठी बदलीची चिठ्ठी सोपी करायला हवी आणि दुसऱ्यासाठी आजार लवकर ओळखायला हवा. फोनच्या फेऱ्या वाढवून या दोन्ही ढिगांना काहीच फरक पडत नाही.

बदलीच्या चिठ्ठीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण इथे आपण स्वतःच गायब माणसं तयार करतो. कामासाठी गाव सोडणाऱ्याला चिठ्ठी मिळायला दोन चकरा लागत असतील तर तो चिठ्ठीविना जाणार, आणि नव्या जागी 'नवीन रुग्ण' म्हणून नाव घालणार. तिथे त्याचा जुना इतिहास शून्य, आपल्याकडे तो बेपत्ता. उपाय साधा आहे: प्रत्येकाच्या हातात कायम एक छोटं पुस्तक, त्यात औषधांची नावं, सुरू केल्याची तारीख, शेवटचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा आकडा. ते दाखवलं की कुठल्याही केंद्राने गोळ्या द्याव्यात, चिठ्ठी मागाहून आली तरी चालेल, असं आसपासच्या केंद्रांशी आधीच बोलून ठेवा.

पायरी २: पहिले काही आठवडे हातात धरून न्या

सुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो सुरुवातीला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून निदानानंतर सात दिवसांत, आणि माणूस तयार असेल तर त्याच दिवशी, उपचार सुरू करायला सांगितलं आहे. हैतीतल्या पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या एका चाचणीत त्याच दिवशी गोळ्या मिळालेल्यांपैकी वर्षानंतर ८० टक्के उपचारात होते, नेहमीच्या पद्धतीने तीन आठवडे थांबवलेल्यांपैकी ७२ टक्के. 'आधी तीन समुपदेशनं, मग गोळ्या' ही आपली जुनी शिस्त माणसं गाळायचीच चाळणी होती, हे आता मान्य करायला हरकत नाही.

दोन अपवाद लक्षात ठेवा. मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा क्रिप्टोकॉकल (बुरशीमुळे होणारा) मेंदूज्वर असेल तर एआरटी काही आठवडे थांबवावी लागते, नाहीतर जिवावर बेततं. म्हणून डोकेदुखी, मान आखडणं, गोंधळल्यासारखं वागणं, ताप आणि खोकला हे सगळं गोळ्या देण्याआधी विचारा. ज्याला 'त्याच दिवशी' नको असेल त्याला दामटूही नका. घाईने हो म्हणणारा दुसऱ्या भेटीला येत नाही.

पहिल्या भेटीत सांगायच्या गोष्टी थोड्याच ठेवा. माझ्या मते या चार पुरे, बाकी सगळं नंतर.

एक, पोटात काही नसलं तरी गोळी घेता येते. डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध असलेली एकत्र गोळी जेवणाशी बांधलेली नाही. 'उपाशीपोटी औषध लागतं' या भीतीने, घरात शिजलंच नाही त्या दिवशी गोळी टाळणारे मी कितीतरी पाहिले आहेत. (लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर तेवढं विचारून घ्या; त्या उपाशीपोटी सोबत घेतल्या तर औषध नीट शोषलं जात नाही. जेवणासोबत दोन्ही चालतात. आम्लपित्ताच्या औषधांचंही विचारा.)

दोन, वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची. पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी उरले असतील तर मात्र ती सोडून पुढची वेळेवर घ्यायची. दोन एकदम नाहीत. हे न सांगितल्यामुळे 'आज वेळ गेली, आता काय उपयोग' म्हणून अख्खे दिवस जातात.

तीन, सुरुवातीला तब्येत बिघडल्यासारखी वाटू शकते. झोप उडते, डोकं दुखतं, पोट ढवळतं; हे बहुधा काही आठवड्यांत बसतं. पण ज्यांची प्रतिकारशक्ती फार खाली गेलेली आहे, त्यांच्यात ती जागी झाली की दबून बसलेला टीबी उसळून येतो: ताप, गाठी, खोकला. माणसाला वाटतं, गोळ्यांनीच मारलं. तो गोळ्या बंद करतो आणि आपल्याला सांगतही नाही. म्हणून आधीच म्हणून ठेवा: "असं झालं तर गोळी बंद न करता त्याच दिवशी इकडे या, तारीख नसली तरी."

चार, कुठे आणि कशी हाक मारायची. 'फोन नंबर?' एवढंच विचारून भागत नाही. नंबर कुणाचा आहे, उचलतो कोण, कोणत्या वेळी, आपण कोण म्हणून बोलायचं, घरी कुणी आलेलं चालेल का, आणि नंबर बदलला तर कुणाला विचारायचं, हे सगळं एका कागदावर त्याच्याच शब्दांत लिहा आणि त्याची संमती घ्या. दर भेटीला नंबर पुन्हा विचारा. गरिबाचा नंबर टिकत नाही. रिचार्ज संपलं की सिम बदलतं.

पहिल्या गोळ्या दिल्यावर आठवड्याच्या आत एक फोन करा. तीन मिनिटांचा. या एका फोनला मी जितकं मोल देतो तितकं कुठल्याही पोस्टरला देत नाही.

पायरी ३: केंद्रात येणंच कमी करा

आता मुख्य गोष्ट. रोजंदारीवरच्या माणसासाठी केंद्राची प्रत्येक फेरी म्हणजे कामाचा एक खाडा, जायचं-यायचं भाडं, आणि 'दर महिन्याला कुठे जातोस' या प्रश्नाचं उत्तर. वर्षाला बारा फेऱ्या म्हणजे बारा खोटी कारणं. ठणठणीत माणसाला दर महिन्याला बोलावणं हा काळजीचा नाही, आपल्या साठ्याच्या हिशेबाचा भाग असतो.

एक दिवस स्वतः रुग्ण होऊन बघा. सकाळी दार उघडण्याआधी बाहेर उभे राहा, हातात कागद घ्या आणि एका माणसामागे जाऊन वेळ टिपा: नोंदणीला किती, वजनाला किती, डॉक्टरांच्या दारात किती, औषधाला किती. बहुतेक ठिकाणी एकूण वेळ चार-पाच तास भरतो, आणि त्यातलं प्रत्यक्ष बोलणं दहा मिनिटांचं असतं. उरलेला वेळ कुठे अडतो ते त्या कागदावर दिसतं. आमच्याकडे तो वजनकाट्यापाशी अडत होता. काटा एकच, आणि गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येकाचं वजन. त्या दिवसापासून फक्त तपासणीला आलेल्यांचं वजन करायला लागलो आणि रांग निम्मी झाली.

ज्यांचं ठीक चाललंय त्यांना वेगळ्या वाटेने न्यायचं, हे आता जगभर मान्य झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार, सहा महिन्यांपासून उपचारावर असलेला, सध्या आजारी नसलेला, औषधाविषयी नीट समज असलेला आणि व्हायरल लोड दबलेला माणूस 'स्थिरावलेला' धरायचा. त्याला तीन ते सहा महिन्यांच्या, शक्यतो सहा महिन्यांच्या, गोळ्या द्यायच्या. व्हायरल लोडची सोय नसेल तर २०० च्या वरचा सीडी४, वाढलेलं वजन, नवीन आजार नसणं यांवरही ठरवता येतं.

गोळ्या पोचवायच्या पद्धती अनेक आहेत. दोन जुन्या आणि पारखलेल्या पद्धती सांगतो. मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ मध्ये रुग्णांनीच सहा-सहा जणांचे गट केले. दर महिन्याला एकजण केंद्रात जातो, स्वतःची तपासणी करतो आणि सगळ्यांच्या गोळ्या आणतो. म्हणजे प्रत्येकाची फेरी सहा महिन्यांतून एकदा, आणि गटात कुणी आजारी दिसला तर इतरांना आधी कळतं. दुसरी पद्धत केपटाऊनजवळच्या खायेलित्शाची, २००७ पासूनची: पंचवीस-तीस जणांचा क्लब, दर दोन महिन्यांनी तासाभराची बैठक, गोळ्यांची पाकिटं नावानिशी आधीच भरून ठेवलेली, आणि चालवणारा प्रशिक्षित सहकारी, डॉक्टर नव्हे.

कुठली घ्यावी? जिथे अंतर मोठं आणि लोक एकमेकांना आधीच ओळखतात तिथे गट. जिथे रुग्ण पुष्कळ आणि केंद्र जवळ, तिथे क्लब. आणि जिथे कलंकाची भीती इतकी आहे की शेजाऱ्याच्या शेजारी बसायलाही नको वाटतं, तिथे दोन्ही नकोत. सरळ सहा महिन्यांच्या गोळ्या आणि एक झटपट खिडकी. रुग्णाला विचारा आणि नंतर मत बदलायचीही मुभा ठेवा.

साठ्याचं गणित आधी करा. सगळ्यांना एकदम सहा महिन्यांवर नेलं तर गोदाम रिकामं होईल. आधी तीन महिने, मग गटागटाने सहा. साठा अपुरा असेल तेव्हा निदान एवढं करा: 'गोळ्या नाहीत, पुढच्या आठवड्यात या' असं कुणालाही रिकाम्या हाती पाठवू नका. पंधरा दिवसांच्या द्या आणि नवी तारीख हातावर लिहून द्या. एकदा भाडं खर्चून रिकाम्या हाताने परतलेला माणूस दुसऱ्यांदा यायला धजत नाही.

आणि डबी. गोळ्यांची प्लास्टिकची डबी पिशवीत खुळखुळते. त्या आवाजाने गाडीत, घरात, कामावर माणूस कावराबावरा होतो. बायका डबीत कापूस कोंबतात, पुरुष गोळ्या कागदात गुंडाळून खिशात ठेवतात आणि घामाने त्या खराब होतात. खिडकीवर कापसाचा गोळा देऊन ठेवा, डबीवरचं लेबल काढायची परवानगी द्या, साधी पिशवी द्या. खर्च जवळजवळ काही नाही.

पायरी ४: आठवण करून द्या, पण पाळत ठेवू नका

केनियातल्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नर्स दर आठवड्याला रुग्णांना फक्त एक स्वाहिली शब्द पाठवायची: 'माम्बो?', म्हणजे 'कसं काय?' उत्तर 'सावा' आलं तर ठीक, 'शिदा' आलं तर अडचण. उत्तर नाही आलं तर नर्स फोन करायची. या गटात गोळ्याही जास्त नियमित घेतल्या गेल्या आणि विषाणूही जास्त जणांचा दबला. संदेशात एचआयव्ही नाही, गोळी नाही, तारीख नाही. कुणी फोन उघडून वाचला तरी काही बिघडत नाही. केनियातल्याच दुसऱ्या एका चाचणीत आठवड्याच्या संदेशांनी फरक पडला, रोजच्या संदेशांनी नाही. रोज वाजणाऱ्या गोष्टीकडे माणूस बघेनासा होतो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहेच.

यातला खरा जोर उत्तर देण्यात आहे. एकतर्फी 'उद्या तुमची तारीख आहे' यापेक्षा 'कसे आहात?' आणि त्यावर कुणीतरी माणूस. उत्तरं वाचायला कुणी नसेल तर ही सोय सुरूच करू नका; 'अडचण आहे' लिहून चार दिवस शांतता मिळाली तर उरलासुरला विश्वासही जातो.

पायरी ५: चुकलेल्या गोळ्यांविषयी असं विचारा की खरं उत्तर येईल

"गोळ्या नियमित घेता ना?" या प्रश्नाचं उत्तर 'हो' सोडून दुसरं असूच शकत नाही. 'ना' मध्येच धमकी आहे. डबी मागवून गोळ्या मोजल्या तर लोक येण्याआधी उरलेल्या गोळ्या फेकून देतात. मी आवाराच्या भिंतीमागे पडलेल्या पाहिल्या आहेत. त्याऐवजी असं बोलून बघा:

"सगळ्यांच्याच कधी ना कधी चुकतात. मागच्या महिन्यात तुमच्या किती गेल्या असतील?"

मग गप्प बसा. शांतता भरून काढायची घाई करू नका. आकडा आला की 'का' विचारू नका, त्यातही जाब विचारल्यासारखं वाटतं. "तो दिवस कसा होता, सांगा," असं म्हणा. रात्रपाळी होती, पाहुणे होते, नवरा घरी होता, दारू झाली होती, मन लागत नव्हतं: कारण गोष्टीतून आपसूक बाहेर येतं. उपायही त्याच गोष्टीतून शोधायचा. रात्रपाळीवाल्याने सकाळी घरी पोचल्यावर घ्यावी, पाहुणे असतील तेव्हा एक गोळी आधीच खिशात ठेवावी. मन लागत नाही म्हणणाऱ्याच्या बाबतीत औषधाचं बोलणं बाजूला ठेवून झोप, भूक, जगणं नको वाटणं याविषयी सरळ विचारा. नैराश्य हे गोळ्या सुटण्यामागचं एक मोठं आणि न विचारलं जाणारं कारण आहे.

व्हायरल लोड सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा. १००० च्या वर आला तर ओरडण्याचं ते निमित्त नव्हे. नीट बोलून अडचण सोडवायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. चांगला अहवाल मात्र हमखास राहून जातो: तो फाइलला लावला जातो आणि माणसाला कुणी सांगतच नाही. अहवाल हातात द्या, आकड्यावर बोट ठेवून सांगा.

पायरी ६: न आलेल्याला शोधताना

रोजच्या उरलेल्या कार्डांत सगळ्यांमागे एकाच वेळी धावता येत नाही. आधी कुणाला: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया, लहान मुलं, उपचार सुरू होऊन सहा महिने न झालेले, सीडी४ २०० च्या खाली असलेले, टीबीचं औषध चालू असलेले. त्यांना दुसऱ्याच दिवशी फोन. इतरांना तीन दिवस थांबा. पुष्कळ जण स्वतःहून येतात आणि त्यांच्याकडे थोड्या गोळ्या शिल्लकही असतात. आठवड्याने दुसरा फोन, वेगळ्या वेळी. पंधरा दिवसांनी, संमती असेल तरच, घरी भेट.

फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असू द्या. "मी अमुक बोलतोय, त्यांच्याशी बोलता येईल का?" दुसऱ्याने उचलला तर फक्त "नंतर करतो". रुग्णच असेल तर आधी "आत्ता बोलायला मोकळे आहात का?" मग "तुमची आठवण आली, सगळं ठीक ना?" तारीख चुकल्याचा उल्लेख त्याने केला तरच करा. शेवटी "कधी येता?" नको, "तुम्हाला कोणत्या दिवशी सोपं पडेल?" असं विचारा आणि आल्यावर कुणाला भेटायचं त्याचं नाव सांगा.

घरी जाताना गणवेश नको, केंद्राची गाडी नको, फाइल हातात नको. शेजाऱ्याकडे पत्ता विचारू नका. हे काम ज्याने स्वतः हा आजार घेऊन दिवस काढलेत तो सहकारी सर्वांत चांगलं करतो, पण त्याला फुकट राबवून नाही. तीन वेळा प्रयत्न झाले आणि माणसाने 'नको' म्हटलं, तर थांबा. दार उघडं आहे एवढं सांगून या.

पायरी ७: परत येणाऱ्याचं पहिलं एक मिनिट

मी ज्या दिवशी हे शिकलो तो दिवस सांगतो. आठ महिन्यांनी एक माणूस दारात आला. नोंदणीवरच्या मुलीने कार्ड बघितलं आणि म्हणाली, "अरे वा, आज आठवण झाली?" ती थट्टेत म्हणाली, वाईट हेतू नव्हता. तो "पाणी पिऊन येतो" म्हणाला आणि गेला. फाटकाबाहेर गाठला म्हणून परत मिळाला. त्या आठ महिन्यांत तो तीनदा फाटकापर्यंत येऊन मागे फिरला होता, असं नंतर कळलं. बोलणं काय होईल, याचीच भीती.

तेव्हा नोंदणी, दार, वजनकाटा, औषधाची खिडकी, सगळ्यांसाठी एकच वाक्य ठरवलं: "आलात, बरं झालं. बसा." पुढचा प्रश्न कुणीही विचारायचा नाही, तो समुपदेशकाचा. हे वाक्य आम्ही एकमेकांना म्हणायला लावून पाठ करून घेतलं. हसलो खूप, पण बसलं.

पुढचा क्रम असा. त्याला रांगेत मागे उभं करायचं नाही. शिक्षा म्हणून नव्याने तीन समुपदेशनं नाहीत, हमीपत्र नाही, 'सोबत नातेवाईक आणा' नाही. आधी तब्येत: ताप, खोकला, वजन घटणं, रात्रीचा घाम, डोकेदुखी, दिसण्यात फरक. खंड तीन महिन्यांहून मोठा असेल किंवा माणूस आजारी दिसत असेल तर सीडी४ करा. २०० च्या खाली असेल तर प्रगत आजार धरून टीबीची तपासणी, क्रिप्टोकॉकल अँटिजेन (त्या बुरशीची रक्ततपासणी) आणि इतर संसर्ग टाळायला कोट्रायमॉक्सझोल. पाच वर्षांखालच्या मुलाला तर, उपचारावर स्थिरावलेलं नसेल तेव्हा, आकडा न बघता याच गटात धरायचं. मेंदूज्वराची शंका नसेल तर डॉक्टरांशी बोलून गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू. व्हायरल लोड लगेच करून उपयोग नाही, तो वाढलेलाच असणार. सुरू केल्यावर तीन महिन्यांनी करा. डोल्युटेग्रॅव्हिरच्या गोळ्यांना सहजासहजी प्रतिरोध येत नाही, त्यामुळे जुनीच गोळी बहुतेकांना पुन्हा लागू पडते. मधल्या काळात टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं असेल तर मात्र डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागतं, ते विसरू नका.

गोळ्या किती द्यायच्या? 'याचा भरवसा नाही' म्हणून एक आठवड्याच्या देण्याचा मोह होतो. पण जो फेऱ्यांमुळेच सुटला त्याच्या फेऱ्या वाढवून तो पुन्हा सुटतो. आजारी नसेल तर निदान महिन्याच्या, भाड्याची अडचण असेल तर जास्त, आणि मध्ये फोन. त्याच दिवशी विचारा, "पुन्हा अशी वेळ आली तर आम्हाला आधी कसं कळेल?" जाण्या-येण्याचे हे हेलकावे आयुष्यभराच्या उपचारात येणारच.

काही माणसांची वेगळी गणितं

बाळंतपणानंतरचे महिने फार नाजूक. गरोदरपणात बाळासाठी गोळ्या घेणारी आई बाळाचा पहिला अहवाल चांगला आला की सैल होते. अंगावर पाजणं चालू असतं आणि धोकाही. आईची आणि बाळाच्या लसीची तारीख एकच ठेवा, एकाच खोलीत.

किशोरवयीन मुलांना समुपदेशकाचं बोलणं कंटाळवाणं वाटतं आणि ते बरोबरच आहे. झिम्बाब्वेत 'झ्वांदिरी' या कार्यक्रमात साधारण १८ ते २४ वयाची, स्वतः एचआयव्हीसह वाढलेली मुलं-मुली धाकट्यांना सांभाळतात. 'झ्वांदिरी' म्हणजे 'मी आहे तसा'. मुलाला आजाराचं नाव शाळेच्या वयातच, टप्प्याटप्प्याने सांगायला हवं. न सांगता गोळ्या गिळायला लावलेलं मूल चौदाव्या वर्षी त्या थुंकून टाकतं.

पुरुष उशिरा येतात आणि लवकर जातात. संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी एक तास खिडकी उघडी ठेवणं हा त्यांच्यासाठीचा सगळ्यात स्वस्त उपाय. पोलिसांची, नावाची किंवा हेटाळणीची भीती असलेल्या गटांसाठी, म्हणजे देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, इंजेक्शनने नशा करणारे, त्यांच्याच संघटनेच्या जागेत गोळ्या मिळणं जास्त टिकतं.

हाताशी एकच माणूस असेल तर

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची परदेशी मदत एकदम गोठली आणि कित्येक देशांत आउटरीचचे लोक एका रात्रीत घरी बसले. बाहेरच्या पैशावर उभं केलेलं सगळ्यात आधी कोसळतं, म्हणून कोणती कामं कशाही परिस्थितीत चालू ठेवायची ते आधीच ठरवून ठेवा. माझा क्रम असा: खोका आणि संध्याकाळची उरलेली कार्डं. नवीन सुरू केलेल्यांना आठवड्यातला फोन. स्थिरावलेल्यांना जास्तीत जास्त महिन्यांच्या गोळ्या, म्हणजे रांग आपोआप कमी. दारावरचं ते एक वाक्य. घरभेटी, क्लब, संदेश हे माणसं मिळाली की.

रजिस्टरमधला 'शेरा' हा रकाना आम्ही काढला नाही, त्याचं शीर्षक बदललं. आता तिथे 'कशात अडलं' असं लिहिलंय, आणि माणसाशी बोलल्याशिवाय तो भरता येत नाही.